डॉक्टरांनी ज्याला थोडेच महिने दिले होते, त्याच्या कायद्यातून आज अमेरिकेत पाहुण्या बोटींसाठी धक्के बांधले जातात

धक्का म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर भाऊचा धक्का येतो. मासळीच्या पाट्या, लिलावाचा गलका, रेवसला जाणारी लाँच. थोडक्यात, धक्का म्हणजे पोटापाण्याची जागा.

अमेरिकेत मात्र एक वेगळा प्रकार आहे. समजा तुमची स्वतःची तीस फुटांची बोट आहे. सुट्टी टाकून तुम्ही बायकापोरांना घेऊन मिशिगन सरोवरात निघालात. संध्याकाळ झाली, वारा वाढला, डिझेल संपत आलं आणि समोर एक अनोळखी गाव दिसतंय. बोट लावायची कुठे? खासगी मरीनात जागा वर्षाच्या भाड्याने दिलेली असते, तिथे पाहुण्याला कोण विचारतो? अशा वेळी गावच्या पालिकेचा एक सार्वजनिक धक्का असतो. बोट बांधा, रात्रभर वीज घ्या, पाणी भरा, अंघोळ करा, बाजारात जाऊन जेवा, सकाळी पुढे निघा.

हा धक्का बांधायला पालिकेकडे पैसे कुठून आले? बऱ्याच ठिकाणी त्याचं उत्तर आहे केंद्र सरकारचं अनुदान. आणि ते अनुदान ज्या कायद्याच्या झाडाला लागलेलं फळ आहे, त्या झाडाच्या मुळाशी एका माणसाचं नाव आहे. जॉन डिंगेल.

आता अमेरिकेचं राजकारण बघणारे लगेच म्हणतील, हां, तेच ना, ५९ वर्षं खासदार राहिलेले? नाही. ते पोरगं. आपण बोलतोय ते त्यांच्या वडिलांबद्दल, थोरल्या जॉन डिंगेलबद्दल.

थोरल्या डिंगेलचा जन्म २ फेब्रुवारी १८९४ चा, डेट्रॉइटचा. घराणं पोलंडहून आलेलं. मूळ आडनाव जेंग्लेविच असं काहीतरी, अमेरिकन जिभेला न पेलणारं. त्याचं पुढे डिंगेल झालं. शिक्षण सरकारी शाळेत आणि पोलिश वस्तीतल्या चर्चच्या शाळेत. त्यानंतर आधी पेपर टाकणारा पोरगा, मग छापखान्यात कामगार, मग वर्तमानपत्रात बातमीदार. तोपर्यंत गोष्ट साधीच होती.

विशीत त्याला टीबी झाला.

त्या काळात टीबीवर औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून तीस वर्षं होती. छापखान्यातल्या कामगारांना तर हा रोग ठरलेलाच. बंद खोल्या, शिशाची धूळ, रात्रपाळी. डॉक्टरांनी हात टेकले, आता थोडेच महिने उरलेत असं सांगितलं. हा किस्सा पुढे त्यांचा मुलगा अनेकदा सांगायचा.

तेव्हा एकच उपाय होता, हवापालट. आपल्याकडे पाचगणीला पाठवायचे, तसं अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात पाठवायचे. कोरडी हवा, उंचावरचं ऊन आणि भरपूर विश्रांती. पण डोंगरातली विश्रांती ही पैसेवाल्यांची चैन. छापखान्यातल्या पोराला ती कशी परवडणार?

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावात छापखाना कामगारांच्या युनियनने १८९२ पासून आपल्या आजारी आणि म्हाताऱ्या सभासदांसाठी स्वतःचं एक मोठं घर चालवलं होतं. कामगारांनी दरमहा पगारातून थोडी थोडी वर्गणी द्यायची आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याने तिथे जाऊन राहायचं. सगळ्यांनी थोडं थोडं भरायचं आणि तो पैसा फक्त त्याच कामासाठी राखून ठेवायचा. ही कल्पना डोक्यात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

डिंगेल याच कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेले. आणि जगले. नुसते जगले नाहीत, तर तिथेच त्यांनी संसार थाटला. गॅसच्या पाइपलाइनच्या बांधकामावर काम केलं, गोमांस आणि डुकराच्या मांसाचा घाऊक धंदा केला आणि कामगारांना शिकवण्यासाठी एक लेबर कॉलेज उभं करण्यात पुढाकार घेतला. १९२६ मध्ये तिथेच त्यांना मुलगा झाला, तोच धाकटा जॉन. मग कुटुंब परत डेट्रॉइटला आलं.

नेमकी तेव्हाच महामंदी आली. डेट्रॉइट म्हणजे मोटारींचं शहर. लोकांकडे खायला पैसे नाहीत तिथे मोटार कोण घेणार? कारखाने थंडावले, भाकरीसाठी रांगा लागल्या. दुसरीकडे १९३० च्या जनगणनेनंतर मिशिगनच्या खासदारकीच्या जागा १३ वरून १७ झाल्या होत्या. डेट्रॉइटमध्ये एक नवा मतदारसंघ तयार झाला. १९३२ ला रूझवेल्ट यांची लाट आली आणि त्या लाटेत डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन डिंगेल निवडून आले. तिथून मरेपर्यंत ते हरले नाहीत.

खासदार म्हणून त्यांचं खरं वेड होतं आरोग्य विम्याचं. ज्याचा जीव युनियनच्या जमान्यात टीबीतून वाचला, त्याला प्रत्येक कामगाराला उपचार मिळावेत असं वाटणं साहजिक होतं. १९४३ मध्ये त्यांनी वॅग्नर आणि मरे या दोन सिनेटरांच्या सोबतीने राष्ट्रीय आरोग्य विम्याचं विधेयक आणलं. पगारातून थोडं कापायचं आणि त्यातून सगळ्यांच्या दवाखान्याचा खर्च करायचा. पुढच्या काही वर्षांत ते पुन्हा पुन्हा आणलं गेलं. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचाही पाठिंबा होता. पण डॉक्टरांच्या संघटनेने लाखो डॉलर खर्चून मोहीम उघडली, हा समाजवाद आहे अशी भीती घातली आणि विधेयक काही पास झालं नाही. डिंगेल यांच्या हयातीत तर नाहीच.

त्यांची आणखी एक बाजू आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. १८ ऑगस्ट १९४१ ला, म्हणजे पर्ल हार्बरच्या जवळपास चार महिने आधी, जपानने काही अमेरिकन नागरिकांना अडकवून ठेवलं होतं. तेव्हा डिंगेल यांनी रूझवेल्टना पत्र लिहून हवाईमधल्या दहा हजार जपानी वंशाच्या लोकांना ओलीस म्हणून डांबून ठेवण्याची सूचना केली. ती तशीच्या तशी अमलात आली नाही. पण पुढच्याच वर्षी अमेरिकेने मुख्यतः पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे सव्वा लाख जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडलं. स्थलांतरितांच्या घरातल्या माणसाने दुसऱ्या स्थलांतरितांबद्दल असं लिहावं, हे वाचताना त्रास होतो.

तर आता माशांकडे येऊ.

मिशिगन हे पाण्याचं राज्य. पाच मोठ्या सरोवरांपैकी चार त्याला लागून. पण चाळिशीच्या दशकात तिथलं मासळीचं जग कोसळत होतं. लँप्रे नावाचा रक्तपिपासू जीव, दिसायला बामसारखा, समुद्राकडून कालव्यांच्या वाटेने वरच्या सरोवरांत घुसला होता आणि लेक ट्राउट जातीचे मासे संपवत होता. त्यात कारखान्यांची घाण नदीत. आणि युद्ध संपल्यावर हातात पैसा आणि सुट्टी आलेले लाखो लोक गळ घेऊन पाण्याकाठी यायला लागले. मासे कमी आणि मासे धरणारे जास्त. राज्यांच्या मत्स्यखात्यांकडे संशोधनाला पैसा नाही, तलाव सुधारायला पैसा नाही.

शिकाऱ्यांचा प्रश्न याआधीच सुटला होता. १९३७ च्या एका कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा थेट वन्यजीवांच्या कामाला लावला होता. मग मासेमारीच्या सामानावरच्या कराचा पैसा माशांसाठी का नाही? कर तर होताच. गळाची काठी, रीळ, मासे ठेवायची टोपली, नकली आमिष, या सगळ्यांवर युद्धाच्या काळापासून १० टक्के कर लागत होता. फक्त तो सरकारच्या मोठ्या तिजोरीत जाऊन नाहीसा व्हायचा.

डिंगेल यांनी हे विधेयक प्रतिनिधीगृहात मांडलं. सिनेटमध्ये त्यांच्या जोडीला होते कोलोरॅडोचे सिनेटर एडविन जॉन्सन. आणि इथे गंमत बघा. हे जॉन्सनसुद्धा तरुणपणी टीबी झाला म्हणून कोलोरॅडोत आले होते! बरे झाले, माळरानावर सरकारी जमीन घेऊन शेती केली, मग गव्हर्नर झाले, मग सिनेटर. म्हणजे मरणाच्या दारातून त्याच डोंगरांच्या हवेने परत पाठवलेले दोन पेशंट एका कायद्यावर नाव कोरून गेले.

९ ऑगस्ट १९५० ला ट्रुमन यांची सही झाली. (आपल्याला ९ ऑगस्ट क्रांतिदिनामुळे पाठ असतो, हा निव्वळ योगायोग.) तेव्हापासून हा कायदा डिंगेल-जॉन्सन कायदा म्हणून ओळखला जातो.

कायदा छोटा, पण त्याची बांधणी पक्की होती आणि ती समजून घेण्यासारखी आहे. पैसा राज्यांना वाटताना ४० टक्के वाटा राज्याच्या क्षेत्रफळावर, पाण्यासकट, आणि ६० टक्के वाटा मासेमारीचे परवाने किती लोकांनी काढलेत त्यावर. कुठल्याही एका राज्याला ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही आणि १ टक्क्यापेक्षा कमी नाही. केंद्र जास्तीत जास्त तीन हिस्से देणार, किमान एक हिस्सा राज्याने घालायचा. फुकटचं काही नाही.

सगळ्यात महत्त्वाची अट वेगळीच होती. पैसा हवा असेल तर राज्याने आधी स्वतःचा कायदा करायचा, की मासेमारीच्या परवान्यांतून आलेली फी मत्स्यखात्याशिवाय दुसरीकडे वळवणार नाही. ती फी रस्त्याला नाही वापरायची, पगाराला नाही, निवडणुकीआधीच्या घोषणांना तर नाहीच. वळवली की केंद्राचा पैसा बंद. आपल्याकडे एका कामाचा निधी दुसऱ्या कामाला गेल्याच्या बातम्या वाचून ज्यांचे डोळे थकलेत, त्यांना या एका अटीची किंमत कळेल. माझ्या मते डिंगेल यांच्या कायद्याने पंचाहत्तर वर्षं तग धरली ती या अटीच्या जोरावर.

मोठा आरोग्य विमा हरला, छोटा मासळीचा कायदा जिंकला. दोन्हींची कल्पना मात्र एकच, छापखाना युनियनच्या वर्गणीसारखी. जे वापरतात त्यांनी भरायचं आणि भरलेलं त्यांच्याच कामाला लावायचं.

१९ सप्टेंबर १९५५ ला वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड हॉस्पिटलमध्ये डिंगेल वारले. वय ६१. विशीत ज्याला थोडेच महिने दिले होते, तो त्यापुढे चाळीस वर्षं जगला. त्यांच्या जागी पोटनिवडणुकीत २९ वर्षांचा मुलगा निवडून आला. धाकट्या डिंगेलने जवळपास प्रत्येक नव्या संसदेत वडिलांचं आरोग्य विम्याचं विधेयक पुन्हा मांडायचा नेम धरला.

पण यात बोटी कुठे आहेत? १९५० च्या कायद्यात नव्हत्याच. त्या आल्या १९८४ ला.

झालं असं, की गळवाल्यांकडून येणारा पैसा पुरेनासा झाला. आणि मासे धरायला लोक बोटीतून जायला लागले होते. बोटीला पेट्रोल लागतं. त्या पेट्रोलवर कर लागतो. हा कर मुळात रस्त्यांसाठीचा. आता बोट काही हायवेवरून जात नाही, मग बोटवाल्याने रस्त्याचा कर का भरायचा? वायोमिंगचे सिनेटर मॅल्कम वॉलप आणि लुइझियानाचे खासदार जॉन ब्रो यांनी डिंगेलच्या कायद्यात दुरुस्ती आणली. (वायोमिंगला समुद्रकिनारा नाही, हे जाता जाता.) मोटरबोटींच्या पेट्रोलवरचा कर, बाहेरून येणाऱ्या बोटींवरची जकात, मासे शोधणाऱ्या सोनार यंत्रांवरचा कर, सगळं डिंगेल यांच्या डब्यात आलं. डबा एकदम मोठा झाला.

त्याबरोबर अट आली, की राज्याने आपल्या वाट्यातले किमान १० टक्के बोटी पाण्यात उतरवायच्या सोयींवर घालायचे. पुढे हा आकडा साडेबारा आणि मग १५ टक्के झाला. त्यातून देशभर गावोगावी काँक्रीटचे उतार झाले. गाडीमागे ट्रेलर, ट्रेलरवर बोट, उताराने पाण्यात सोडायची, संध्याकाळी परत ओढून घरी न्यायची. १९९२ च्या आणखी एका कायद्याने बोटीवरच्या संडासाची टाकी उपसून घेण्याची सोय करायला पैसे मिळाले, नाहीतर ती घाण सरळ पाण्यात जायची.

राहिले कोण? मोठ्या बोटींवाले. त्यांच्या बोटी ट्रेलरवर येत नाहीत. पेट्रोल सगळ्यात जास्त तेच जाळतात, म्हणजे कर सगळ्यात जास्त तेच भरतात, आणि उतार त्यांच्या काहीच कामाचा नाही. त्यांना लागतो धक्का, तोही दुसऱ्याच्या गावातला.

९ जून १९९८ ला अध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या महाकाय वाहतूक कायद्याच्या पोटात यासाठी एक प्रकरण होतं. त्यातून सुरू झाली बोटिंग इन्फ्रास्ट्रक्चर ग्रँट नावाची योजना. सुरुवातीला वर्षाला ८० लाख डॉलर. २००५ नंतर निधीतला साधारण २ टक्के वाटा. वाटप कोण करतं? बंदरखातं नाही, तर वन्यजीव आणि मत्स्यखातं, म्हणजे यूएस फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस. कारण झाड शेवटी डिंगेल यांच्या मासळीच्या कायद्याचंच.

योजनेचे नियम नेमके आहेत. बोट २६ फूट किंवा त्याहून लांब हवी. ती पाहुणी हवी, म्हणजे काही दिवस थांबून पुढे जाणारी. आधी ही मुदत १० दिवसांची होती, २०१५ मध्ये ती १५ दिवस झाली. अनुदानातून तरंगते धक्के, बोट बांधायचे बोये, लाटा अडवायची भिंत, वीज, पाणी, स्वच्छतागृहं, इंधनाचा पंप असं बांधता येतं. खर्चाचा जास्तीत जास्त ७५ टक्के भाग केंद्राचा, उरलेला राज्य, पालिका किंवा मरीनाच्या मालकाचा. छोट्या कामांसाठी प्रत्येक राज्याला ठरावीक रक्कम मागता येते. मोठ्या कामांसाठी देशभरातून अर्ज येतात, गुण मिळतात आणि स्पर्धा होते. तिथे एका कामाला वरची मर्यादा बरीच वर्षं १५ लाख डॉलर राहिली आहे.

खासगी मरीनालाही पैसे मिळू शकतात. पण मग दार सगळ्यांना उघडं ठेवायचं, भाडं वाजवी लावायचं आणि जागा ठरलेली वर्षं पाहुण्यांसाठीच राखायची. ओळखीच्या माणसाला ती वर्षभरासाठी देऊन टाकली, तर ते नियमात बसत नाही.

यावर एक आक्षेप येतोच. तीस-चाळीस फुटांची बोट बाळगणारा माणूस गरीब नसतो. त्याच्यासाठी सरकारने धक्का का बांधायचा? प्रश्न चुकीचा नाही. उत्तर असं, की हा पैसा शाळा-दवाखान्याच्या तिजोरीतून येत नाही, बोटीच्या टाकीत ओतलेल्या पेट्रोलमधून येतो. केंद्राचा कर गॅलनला १८.४ सेंट आहे, त्यातून जवळपास सगळा मोटरबोटींचा वाटा या निधीकडे वळतो. पण उत्तर पूर्ण समाधान करत नाही हेही खरं. निधी एकत्र असतो. न्यू जर्सीत राहणाऱ्या तुमच्या मावसभावाने पोरासाठी घेतलेल्या साध्या गळावरचा करही त्याच डब्यात पडतो आणि त्यातला थोडासा भाग कुणाच्यातरी यॉटच्या धक्क्याला लागतो. वाटा छोटाच ठेवलाय तो बरा.

गावांच्या बाजूने बघितलं तर हिशोब वेगळा दिसतो. सरोवराकाठची कितीतरी छोटी गावं लाकूड, खाणी आणि मासळीवर जगायची, ते धंदे गेले. धक्क्याला लागलेली बोट म्हणजे किराणा घेणारं, हॉटेलात जेवणारं एक कुटुंब. शिवाय जिवाचाही प्रश्न आहे. मोठी सरोवरं नावालाच सरोवरं, वादळात ती समुद्रासारखी वागतात. मिशिगन राज्याने तर १९४७ पासून वॉटरवेज कमिशन नेमून असं धोरण धरलंय, की किनाऱ्याने जाणारा कुठलाही नावाडी आसऱ्याच्या बंदरापासून १५ मैलांपेक्षा लांब असू नये.

डेट्रॉइटच्या पोलिश वस्तीतल्या त्या पोराने यातला एकही धक्का बघितला नाही. त्यांचा मुलगा मात्र १९८४ ला आणि १९९८ ला दोन्ही वेळी सभागृहात होता. २०१५ ला धाकटे डिंगेल निवृत्त झाले, २०१९ ला वारले. त्यांच्या जागेवर त्यांच्या पत्नी डेबी डिंगेल निवडून आल्या. हा निधी कायमचा नाही, दर काही वर्षांनी संसदेला त्याची मुदत वाढवावी लागते. नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधांच्या कायद्यात ती २०२६ पर्यंत वाढवली गेली, तेव्हा सभागृहात सासऱ्यांचं आडनाव लावणाऱ्या डेबी डिंगेल बसलेल्या होत्या.